भोंगा कशाला वाजवलास?

गेल्या शनिवारी वेळणेश्वर आणि हेदवीच्या मधल्या एका वळणावर मी चाळीस रुपये मोजले. कशाचे, ते अजून नीट सांगता येत नाही. बायकोला सगळं सांगितलं तर ती आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, "बरं, टोस्ट कुठायत?"

गुहागर ते रत्नागिरी सायकलने जायचं, तेही खालच्या रस्त्याने, ही कल्पना माझ्या मित्राची. "गाड्या नाहीत, धूर नाही, उजव्या हाताला समुद्र. आणि एकदम सपाट!" असं सांगून त्याने नकाशा पाठवला. ऐनवेळी त्याच्या साडूची वास्तुशांत निघाली आणि मी एकटा निघालो.

सपाट! समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो, ही घाटावरच्या लोकांची समजूत. कोकणात समुद्र सपाट असतो, रस्ता नसतो. गाव खाली माडा-पोफळीत. गाव संपलं की घाटी. घाटी संपली की वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडंबोडकं कातळाचं पठार, तापल्या तव्यासारखं. तिथे पाच मिनिटं वारा खाल्ला की पुन्हा उतार, खाली पऱ्या (ओढाच तो), पऱ्यावर साकव आणि साकवापासून पुन्हा घाटी. असं करत करत एक अख्खा सिंहगड मी हप्त्याहप्त्याने चढलो. एकरकमी चढलो असतो तर वर निदान पिठलं-भाकरी मिळाली असती.

या सड्यांवर म्हणे माणसांनी हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवलीत. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही गेली. हत्ती आहेत, मासे आहेत, माणसं आहेत. सायकल कुठेही नाही. ती माणसं सड्यावर राहत होती, त्यांना घाट्या ठाऊक होत्या.

आता भोंग्याकडे येतो, कारण सगळा घोळ त्याने केला. या रस्त्यांवर गाड्या नाहीत हे खरं, पण जी एक गाडी दिवसात येते ती नेमकी वळणावरच येते. सायकलच्या घंटीचा किणकिणाट टेम्पोवाल्याला ऐकू जात नाही. म्हणून मी निघताना एक रबरी फुग्याचा भोंगा बसवून घेतला होता. पों-पों. त्या घाटीत चढवेना, म्हणून उतरून सायकल ढकलत होतो. वळण आलं, फुगा दाबला.

गडग्यापलीकडून आवाज आला, "आलास का रे शिंच्या एकदाचा!"

बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, एक आजी उभ्या होत्या. नऊवारी, हातात स्टीलचा डबा, चेहऱ्यावर मंगळवारपासून साठवलेला राग.

"एक लादी दे. आणि टोस्टाचं आधी बोलू."

"आजी, मी पाववाला नाही."

"मग भोंगा कशाला वाजवलास?"

या प्रश्नाला आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही. भोंगा माझा, वाजवला मी, सायकलला दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या. कोर्टात गेलो असतो तरी आजीच जिंकल्या असत्या.

"मी गुहागरहून रत्नागिरीला चाललोय, सायकलवरनं."

"पाव द्यायला?"

"नाही हो. असाच."

"असाच?" आजींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. घट्ट चड्डीपाशी नजर थबकली, पण त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. ते त्यांचे उपकार. मग डोक्याकडे बघून म्हणाल्या, "आणि ती रोवळी कशाला घातलीयेस?"

मी हेल्मेट काढलं. आता त्याला भोकं असतात, ती हवेसाठी. पण रोवळी म्हटल्यावर मला स्वतःलाही त्यात तांदूळ दिसायला लागले.

आजी मागे वळून घरात ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? हा सायकलवरनं रत्नागिरीस चाललाय. असाच!"

आतून एक खर्जातला आवाज आला, "गाडी चुकली असेल त्याची."

"दुपारची गाडी बंद होऊन दोन वर्षं झाली!"

"मग बरोबर आहे त्याचं."

हे गृहस्थ मला शेवटपर्यंत दिसले नाहीत. पण अख्ख्या प्रवासात माझी बाजू घेणारा हा एकच माणूस भेटला, म्हणून नोंद करून ठेवतो.

"कितीची रे सायकल?" आजींनी विचारलं.

सायकल ४५ हजारांची. खरं सांगायची छाती नव्हती, म्हणून मी "पंधरा हजार" म्हणालो. घरीही तोच आकडा सांगितलाय. तर आजी म्हणाल्या, "पंधरा हजारांत स्टँड देत नाहीत?"

नाही देत. चेनकव्हरही देत नाहीत, मडगार्ड वेगळे घ्यावे लागतात. स्टँडमुळे वजन वाढतं, असं दुकानदाराने मला समजावलं होतं. माझं स्वतःचं वजन ८८ किलो. त्यात पाव किलोच्या स्टँडने काय बिघडणार होतं, हे तेव्हा विचारायला सुचलं नाही. म्हणून सायकल गडग्याला टेकवून ठेवली होती. ती याच क्षणी सावकाश घसरली आणि अबोलीच्या झाडावर जाऊन निजली.

इथून पुढे आमच्या बोलण्यात माझी बाजू अशी उरलीच नाही.

आजी आत गेल्या आणि एक पुडकं घेऊन आल्या. "हे बघ. मंगळवारचे. सगळे सादळलेले. दातांनी तुटत नाहीत, लोंबतात. परत घे आणि चाळीस रुपये दे."

"अहो आजी, पण मी..."

"तू नाहीस, कळलं. तुझ्यातल्याच कोणाचे तरी असतील ना?"

तुझ्यातल्याच! मी दर महिन्याला हप्ता भरतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि तिथे घामाने निथळत उभा राहून समस्त पाववाल्यांच्या वतीने खिशात हात घालत होतो. खरं तर नाही म्हणायला हरकत नव्हती. पण मी आजूबाजूला पाहिलं. वाडीत आठ-दहा घरं असतील. दोन-तीन सोडली तर सगळ्यांना कुलपं. एका पडवीत शेणी रचलेल्या, एका अंगणात पायरीपर्यंत गवत. "गणपतीत ये," आजी म्हणाल्या, "मग बघ गाड्या. ठेवायला जागा नसते."

'गाड्या नाहीत, गाड्या नाहीत' म्हणून मित्र ज्या रस्त्याची जाहिरात करत होता, तो रस्ता हा. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. रेवस ते रेडी असा किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारा सागरी महामार्ग हे त्यांचं स्वप्न. वाटेत सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा एकेका नदीची खाडी आडवी येते आणि कुठे पूल आहे, कुठे अजून जंगलजेटीत, म्हणजे गाड्यांसकट माणसं पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत, चढावं लागतं. सगळे पूल होतील तेव्हा मुंबईचे लोक मोठाल्या गाड्या घेऊन इथून सुसाट जातील आणि आम्ही सायकलवाले 'शांतता गेली' म्हणून गळा काढू. आमची शांतता म्हणजे यांची बंद झालेली दुपारची गाडी. हे मला त्या घाटीत कळलं आणि त्याचा मला रागच आला, कारण मी सुट्टीवर होतो.

चाळीस रुपये दिले. पुडकं पिशवीत कोंबलं. आजींनी तांब्याभर पाणी दिलं आणि वर म्हणाल्या, "पुढच्या खेपेस खारी आण."

हेदवीच्या अलीकडे मागून भोंगा ऐकू आला. पों-पों. हुबेहूब माझाच सूर. खराखुरा पाववाला मोपेडवर, मागे निळं क्रेट, वर प्लास्टिक. चढावर त्याने मला गाठलं, शेजारी आला आणि माझा भोंगा, माझ्या पिशव्या न्याहाळत म्हणाला, "कुठच्या बेकरीचे तुम्ही?"

मी थांबलो. पुडकं काढलं. मंगळवारपासून सगळं सांगितलं, अबोलीसकट. त्याने एक टोस्ट हातात घेऊन वाकवला. तो वाकला.

"माल माझाच आहे," तो म्हणाला. "पण दिला तेव्हा कडक होता. आजी डब्याला झाकण लावत नाहीत."

"माझे चाळीस रुपये?"

"ते तुम्ही कशाला दिलेत?"

याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने भोंगा वाजवला आणि तो निघून गेला. दुसऱ्या वळणावरून मला बजावल्याचं ऐकू आलं, "या बाजूला भोंगा वाजवू नका हां, गिऱ्हाईक घोटाळतं!"

तवसाळच्या धक्क्यावर जयगडला जाणारी जंगलजेटी यायला अर्धा तास होता. टपरीवर चहा घेतला आणि पुडकं सोडलं. चौथा टोस्ट बुडवला, तो कपातच राहिला. आजींचं म्हणणं बरोबर होतं.