शिलावर्तुळं बरडावरच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नागपूर भागातली महापाषाण काळातली (लोखंड वापरू लागलेल्या जुन्या लोकांची) शिलावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती मांडलेली मोठ्या धोंड्यांची कडी, बरड माळावर मुद्दाम रचली, असं मी लिहिलं, पण काळ्या रानातली वर्तुळं वखराला आड आली म्हणून शेतकऱ्यांनी कधीच उपटून टाकली असतील. शिवाय दफनांतल्या वस्तू संग्रहालयात गेल्यावर उरल्या धोंड्यांसाठी जमीन का अडवायची?

पहिली शंका अगदी रास्त आहे. आज नकाशावर दिसतात ती फक्त टिकलेली वर्तुळं. तरीही निवडीचा मुद्दा त्यानं निकालात निघत नाही. मोकळे माळ या भागात भरपूर आहेत, पण नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी शेकडो वर्तुळांची दाटी मोजक्याच ठिकाणी आहे. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या 1968-69च्या उत्खननात वस्ती टाकळघाटला सापडली आणि वर्तुळं खाप्याला. नायकुंडला वस्ती आहे, वर्तुळं आहेत आणि लोखंड गाळायची भट्टीही आहे. राहायचं कुठे, लोखंड कुठे गाळायचं आणि माणसं कुठे पुरायची, याचा या लोकांनी काहीतरी मेळ घातला होता. तो मेळ दफनाच्या एकट्या खड्ड्यात सापडत नाही.

म्हणूनच दुसऱ्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे. माहुरझरीच्या दफनांत घोड्याची हाडं आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. ते काचेच्या कपाटात ठेवता येतात. पण ते वर्तुळ चढावर होतं की नाल्याकाठी, शेजारच्यापेक्षा मोठं की लहान, हे त्या धोंड्यांनाच विचारावं लागतं. मुरमासाठी नाहीतर लेआउटसाठी एकदा जेसीबी फिरला की संपलं. याचा मला मनापासून त्रास होतो.

आता तुमची शंका तपासायची कशी? कडेचे धोंडे उपटले तरी खाली दफनाचा खड्डा असेल तर तो राहू शकतो. वर्तुळाच्या आतली गोट्यांची भर मात्र दरवर्षी नांगराला लागते आणि वेचून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टाकली जाते. तुम्हीच लिहिलंय की तुमच्या धुऱ्यावर आजोबांच्या वेळेपासून गोट्यांचा ढीग आहे! ते गोटे नदीतल्यासारखे गुळगुळीत, म्हणजे भरीसाठी आणलेले वाटावेत असे आहेत, की रानातल्याच फुटक्या, कोनेरी दगडाचे? बाजूला या लोकांच्या भांड्यांची काळी-तांबडी खापरं दिसतात का? काही उकरू नका, हलवू नका. शेजारी चप्पल किंवा पट्टी ठेवून फोटो काढा आणि ते गोटे रानाच्या कोणत्या भागातून निघतात, तेवढं कळवा.