रिलेच्या ८७ पिनवाल्या मेसेजबद्दल खुलासा

सोलापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, जीपीएस ट्रॅकरचा इंजिन कट रिले (कमांड आली की इंजिनची लाइन तोडणारा स्विच) ८७ नंबरच्या पिनवर जोडा, ८७ए पिन मोकळी सोडा, चोरानं ट्रॅकर उपटला तरी गाडी बंद. मागच्या महिन्यात मीच तो टाकला होता, तर आता मीच सांगतो, तसं करू नका.

८७ वर जोडलं की गाडी चालू असेपर्यंत रिलेच्या आतल्या कॉइलला (हीच स्विच हलवते) करंट लागतोच, म्हणजे ट्रॅकर हँग झाला किंवा वायर जरा ढिली झाली की पुणे हायवेवर ऐन ऐंशीच्या स्पीडला इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकपण दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा. ३० (दोन्हीची कॉमन पिन) आणि ८७ए वापरलं तर कॉइल बंद असताना गाडी नॉर्मल चालते, कमांड दिली तरच कट. मीटर लावून बघा की, करंट न देता ३० ते ८७ए बीप येते, ८७ ला येत नाही. चोर उपटेल हा मुद्दा खराय, पण त्यासाठी ट्रॅकर नीट लपवा.

ट्रॅकरचं आउटपुट बहुतेक वेळा निगेटिव्ह देतं, म्हणून कॉइलच्या दोन पिनांपैकी ८६ ला इग्निशनचा प्लस फ्यूजमधून आणि ८५ ला ती ट्रॅकरची वायर. कॉइलवर डायोड (करंट एकाच बाजूनं जाऊ देणारा छोटा पार्ट) उलटा टाका, त्याची पट्टी प्लसकडं, नाहीतर ट्रॅकरचं आउटपुट उडतं. आणि ट्रकला २४ व्होल्टचाच रिले, १२ चा घातला तर कॉइल जळते ओ.

जुना मेसेज कुणाकडं असेल तर पुढं पाठवू नका, डिलीट करा.