एडिसनच्या घरात केलेल्या कामावर न्यूयॉर्कचा कर

आज एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. जेवताना टॅक्सचा विषय निघाला आणि एका गृहस्थांनी मला सुनावलं, "अहो, न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं न्यू जर्सी क्रेडिट देतं ना, आपल्या करातून वजा करतं ना? मग तुम्ही लोक एवढं रडता कशाला?" यजमानांच्या घरी वाद नको म्हणून गप्प बसले. आता घरी आलेय, तर लिहितेच.

माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, घर न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. काही दिवस ट्रेन पकडून पेन स्टेशन गाठते, बाकीचे दिवस डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसते. वर्षभर भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये, घरून काम केलं त्या प्रत्येक तारखेवर निळ्या पेनने 'घ' लिहीत गेले. मार्चमध्ये ते कालनिर्णय आणि डब्ल्यू-टू (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) घेऊन टॅक्स करणाऱ्या बाईंकडे गेले. अनुभवी आहेत, आपल्यातल्याच. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ताई, हे सगळे 'घ' न्यूयॉर्कमध्येच धरायचे."

का? तर ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि घरून काम तुम्ही स्वतःच्या सोयीने करत असाल, तर तो दिवस न्यूयॉर्कचा. आता सोय कोणाची? आमच्या ऑफिसने एक मजला सोडला, सगळ्यांना पुरतील एवढी टेबलंच उरली नाहीत, पाळीपाळीने घरी बसा असं वरून सांगण्यात आलं. यात माझी सोय कुठे आली? पण मॅनेजरचं तेवढं सांगणं पुरत नाही. तुमचं घर हे कंपनीचं खरंखुरं ऑफिस आहे असं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी न्यूयॉर्कने दिलेलं उदाहरण काय, तर तुमचं काम नव्या गाड्या चालवून तपासायचं असेल, तो ट्रॅक न्यूयॉर्कच्या ऑफिसात नसेल आणि तुमच्या घराजवळ असेल, तर चालेल! इन्शुरन्सचे क्लेम तपासणाऱ्या बाईने असा ट्रॅक कुठून आणायचा?

आणि ते क्रेडिट. मिळतं, मान्य. पण न्यू जर्सी आपल्या दराने जेवढा कर झाला असता तेवढंच क्रेडिट देतं. समजा न्यूयॉर्कने 6,000 डॉलर घेतले आणि त्याच पगारावर न्यू जर्सीचे 4,500 होतात, तर वरचे 1,500 गेले. मध्यम पगाराच्या माणसाला न्यूयॉर्कचा दर जास्तच पडतो. शिवाय न्यूयॉर्क आधी घरातलं सगळं उत्पन्न आपल्याकडचंच समजून कर काढतं आणि मग त्यातला आपला हिस्सा घेतं. म्हणजे नवऱ्याने न्यू जर्सीत कमावलेला पगारसुद्धा माझा दर चढवायला वापरला जातो. वर आधी न्यूयॉर्कचा आयटी-203, म्हणजे राज्याबाहेर राहणाऱ्यांचा फॉर्म भरा, तो आकडा आल्याशिवाय न्यू जर्सीचा फॉर्म पुढे सरकत नाही, आणि दोन राज्यांची फी वेगळी.

पेन स्टेशनला उतरते त्या दिवसांचा कर न्यूयॉर्कने घ्यावा, माझी काही तक्रार नाही. तिथली सबवे वापरते, तिथले पोलीस माझंही रक्षण करतात. मला पगारही त्या शहरामुळेच एवढा मिळतो, हेही खरं. पण 'घ' लिहिलेल्या दिवशी मी न्यूयॉर्कचं काय वापरलं? त्या दिवशी माझ्या रस्त्यावरचा बर्फ एडिसनने काढला, मुलं एडिसनच्या शाळेत गेली. त्यासाठी देशातला सगळ्यात जड प्रॉपर्टी टॅक्स आपण भरतोच आहोत.

एडवर्ड झेलिन्स्की म्हणून कायद्याचे एक प्राध्यापक आहेत. राहणार कनेक्टिकटचे, शिकवायला मॅनहॅटनमध्ये. घरी बसून संशोधन आणि लेखन केलेल्या दिवसांसाठी ते भांडले आणि 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टात हरले. कोविडच्या वर्षात कॉलेजच बंद होतं, तेव्हाच्या करासाठी ते पुन्हा उभे राहिले. त्यांच्याबद्दल वाचलं की मला बरं वाटतं. कोणीतरी नेटाने भांडतंय.

पण आमच्याकडच्या एच-वन-बी वर नुकत्याच आलेल्या मुलामुलींनी कुठे भांडायचं? टॅक्स भरायचा पहिलाच एप्रिल, दोन राज्यांचे फॉर्म, काही चुकलं तर व्हिसाला त्रास होईल का ही धास्ती. ती पोरं निमूट भरून मोकळी होतात. रात्री अकराला त्यांचे फोन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

राज्यांनी तरी काय केलं? घरून केलेल्या कामावरच्या अशाच करावरून न्यू हॅम्पशायर मॅसॅच्युसेट्सविरुद्ध देशाच्या सुप्रीम कोर्टात गेलं, न्यू जर्सीने पाठिंबा दिला, 2021 च्या जूनमध्ये कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. मग 2023 मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी कायद्यावर सही केली: असा नियम लावणाऱ्या राज्यांतल्या लोकांना आम्हीही तोच नियम लावू. आणि आपल्या रहिवाशांना? तुम्ही दुसऱ्या राज्याविरुद्ध कोर्टात लढा, जिंकून आलात तर सवलत देऊ. म्हणजे राज्याचं भांडण डायनिंग टेबलवर बसलेल्या माणसाने स्वतःचा वकील लावून लढायचं!

पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा 1977 पासून करार आहे. नोकरी पलीकडे, राज्याचा पगारावरचा कर राहत्या राज्यात. न्यूयॉर्क तसा करार सुखासुखी करणार नाही, त्यांचा पैसा जातो, हे मलाही कळतं. म्हणून मागायचंच नाही का?

'दुसरं कोणीतरी मागेल' असं म्हणत एकमेकांकडे बोट दाखवू नका. ज्यांना इथे मत आहे त्यांनी आपल्या असेंब्लीतल्या प्रतिनिधीला या करारासाठी पत्र लिहा. माझं लिहून तयार आहे. मजकूर हवा असेल तर इनबॉक्समध्ये या, आज रात्रीच पाठवते.