दुसरी सीडी

बंड्याने रविवारी पोराला 'द आयर्न जायंट' हा रोबोटचा कार्टून पिक्चर दाखवला आणि पोरगं अर्ध्यात झोपलं, एवढ्यावरून सुरू झालं. ठाण्यात घंटाळीच्या कट्ट्यावर एरवी मेट्रोचे खांब आणि कोणाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली यापलीकडे विषय सरकत नाही. त्यामुळे सगळेच तुटून पडले.

"झोपणारच," पराग म्हणाला. "लॉजिकली तो पिक्चर टिकत नाही."

पराग आयटीत आहे. त्याचं दर दुसरं वाक्य 'लॉजिकली'ने सुरू होतं. बायकोला मागणीही त्याने तशीच घातली असणार. "गोष्ट १९५७ ची. त्यात 'नॉटिलस' पाणबुडीवरून अणुबॉम्बचं क्षेपणास्त्र सुटतं. अरे, नॉटिलसवर होते टॉर्पेडो! अमेरिकेने पाण्याखालून पोलॅरिस क्षेपणास्त्र सोडलं १९६० साली, तेही दुसऱ्याच पाणबुडीतून."

"आकाशातून पडलेला रोबोट रेल्वेचे रूळ खातो, ते बरं चाललं तुला," शीतल म्हणाली.

"ते फिक्शन आहे."

"आणि पाणबुडी काय आकाशवाणीच्या बातम्यांत होती?"

मग तिने बंड्याला विचारलं, पोरगं नक्की कुठे झोपलं. हरणाच्या आधी, तो म्हणाला. "मग त्याने काही पाहिलंच नाही," शीतल म्हणाली. शिकारी हरीण मारतात आणि रोबोटला बघून पळ काढतात. तो वाकतो, हरणाकडे बोट नेतो, मग तिथेच पडलेल्या बंदुकीकडे बघतो. सिनेमातला पोरगा त्याला सांगतो, हिने मारलं. आणि हा स्वतःच नखशिखांत हत्यार, फक्त त्याला ते आठवत नाही.

"ह्याचा दिग्दर्शक ब्रॅड बर्ड. त्याच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने गोळी घालून मारलं होतं. बंदुकीला जीव असता आणि तिला बंदूक व्हायचंच नसतं तर, एवढा एक प्रश्न घेऊन तो स्टुडिओत गेला," ती म्हणाली. "आणि तू इथे पाणबुडीचं पुराण लावून बसलायस."

पराग कटिंगवर फुंकर मारत राहिला. चहा केव्हाच गार झाला होता.

"पण १९९९ ला थिएटरात आपटला होता," बंड्याने उगाच मध्ये घातलं. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मला स्वतःला त्यातली चित्रं आवडतात. माणसं सगळी हाताने काढलेली, रोबोट तेवढा कॉम्प्युटरवर. त्याच्या रेषा इतक्या सरळ यायच्या की तो बाकीच्यांत मिसळेना, म्हणून प्रोग्रॅम लिहून त्या मुद्दाम किंचित थरथरत्या केल्या. हे सांगितल्यावर पराग खुलला, शेवटी त्याच्या खात्यातला विषय निघाला होता.

"चुका करायला शिकला तेव्हा तो माणसांत बसला," शीतल म्हणाली. "तुझं अजून अपडेट आलेलं नाही."

इतका वेळ गप्प असलेला मन्या एकदम म्हणाला, "मला ते शेवटचं आइसलँड मान्य नाही. बर्फावर त्याचं डोकं पडलंय, तुकडे गोळा होतायत... मेला होता ना? मग मरू द्या की."

"गाव वाचवायला क्षेपणास्त्रावर जाऊन आदळला, ते मुळात बलिदानच नाही," परागला पुन्हा कंठ फुटला. "आधी ट्रेनने उडवला तेव्हा पार्ट आपोआप जुळले होते. त्याला माहीत होतं, परत जुळणार."

"अणुबॉम्ब म्हणजे कर्जत लोकल आहे का रे?" शीतल म्हणाली. "जुळू याची खात्री कोणी दिली होती त्याला? डोळे मिटताना तो 'सुपरमॅन' म्हणतो. 'भेटू' म्हणत नाही."

यावर खरं तर चर्चा मिटायला हवी होती. पण मन्याचा मुद्दा सिनेमाचा नव्हताच. "ह्याच्यामुळे झालं सगळं," परागकडे बोट दाखवत तो म्हणाला. "स्टेशनबाहेरून घेतलेली माझी सीडी, दोनची जोडी. ह्याने नेली, महिनाभराने दिली, आणि दुसरीवर हा एवढा ओरखडा! आभाळात स्फोट झाला की चित्र तिथेच अडकायचं. माझ्या लेखी पिक्चर तिथे संपला. रविवारी बंड्याकडे पहिल्यांदा कळलं, तो जिवंत आहे म्हणून. इतकी वर्षं मी त्याचं सुतक पाळतोय!"

"पण तुझ्या मते शेवट तिथेच हवा होता ना?" पराग म्हणाला. "म्हणजे लॉजिकली, मी पिक्चर सुधारला."

मन्या उठलाच. बंड्याने त्याला मागून धरला.

"कळवा रे ब्रॅड बर्डला," शीतल म्हणाली, "ठाण्यात एक एडिटर मोकळा आहे."

मन्याला सीडीचे पैसे व्याजासकट पाहिजे होते. परागने मोबाइल काढला, मग थबकला. "एक मिनिट. सीडी पायरेटेड होती ना? मग लॉजिकली..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. हसता हसता बंड्याने चहा शर्टावर सांडून घेतला. बिल परागच्या माथी मारून आम्ही उठलो. बंड्याने सांडलेलं कटिंग धरायचं की नाही यावर त्याने टपरीवाल्याशी वाद सुरू केला होता.