हळेबीडचा नंदी काळा का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कर्नाटकातल्या हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावरच्या माझ्या लेखातल्या फोटोंवर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही नीट द्यावंसं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नंदीच्या अंगावरच्या माळा आणि घंटा कोरताना कारागिराने जीव ओतला आणि मी सिल्हूटच्या, म्हणजे उजेडासमोरच्या नुसत्या काळ्या आकृतीच्या, हौसेपायी त्यावर काळं फासलं. शिवाय हत्तींच्या रांगांचे इतके फोटो म्हणजे तेच ते. एकच हत्ती नीट दाखवायचा होता.

आधी नंदीबद्दल. होयसळ राजवटीतलं शिल्प म्हटलं की आपण नक्षीच बघतो. तिथला सोपस्टोन खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो, त्यामुळे आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये महाकठीण असं बारीक काम तिथे सर्रास दिसतं. ते इतकं देखणं आहे की नजर घंटांच्या माळेतच अडकते आणि बैल बघायचा राहून जातो. मला बैल दाखवायचा होता: वशिंडाचा उठाव, तिथून मानेकडे गेलेला उतार, गळ्याखालची पोळी, उचललेलं तोंड. सगळे दागिने अंधारात गेले तरी त्याचा रुबाब तसूभर कमी होत नाही, कारण शिल्पकाराने देह आधी पक्का केला आणि मग सजवला. त्याचं हे श्रेय नक्षीखाली झाकलं जातं.

कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (उजेडाचं माप) मागच्या उन्हावर धरलं की नंदी काळा होतोच, त्यात कौशल्य काही नाही. पण मंडपाचे खांबही काळे होतात, आणि तोंडाची कड खांबाला चिकटली की बैलाचा नुसता ढीग होतो. नाकपुडी आणि खांब यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट राहिली पाहिजे. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं तर फट बुजते, उजवीकडे सरकलं तर वशिंड दुसऱ्या खांबामागे जातं. फोटो पुन्हा उघडून ती फट बघा.

भिंतीवरच्या मूर्तींचं सिल्हूट मात्र मी काढत नाही. गजासुराला मारून नाचणाऱ्या शिवाच्या मागे आकाश नाही, दगड आहे. तिथे अंधार केला तर तुमचा आक्षेप शब्दशः खरा ठरेल. अशा मूर्तींना तिरपं ऊनच हवं.

आता हत्ती. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. पुनरावृत्ती मी आणलेली नाही. बाराव्या शतकातल्या त्या कारागिरांनीच ती मांडली. तळाला हत्ती, वर सिंह, वेलबुट्टी, घोडेस्वार, त्याच्याही वर रामायण-महाभारतातले प्रसंग, मकर, हंस असे थर आहेत. मंदिराची भिंत सरळ नाही, ती कोनाकोनांनी आत-बाहेर वळते. त्या प्रत्येक वळणावर हत्तींची रांगही वळते. जगतीवरून, म्हणजे मंदिराच्या उंच चौथऱ्यावरून, प्रदक्षिणा घालणाऱ्याला एकटा हत्ती कधी भेटतच नाही, सबंध फौज त्याच्या सोबतीने चालते. एकच हत्ती कापून दाखवला तर तो संग्रहालयातला तुकडा होईल. वरच्या सगळ्या थरांचा भार पेलणारी रांग त्यात उरणार नाही.

आणि तेच ते नाही हो! मी भिंतीलगत खाली बसून, लांब लेन्सने, मुद्दाम रांग दाटून घेतली. तिसऱ्या फोटोत डावीकडून मोजा. पहिल्या तिघांच्या सोंडा खाली सोडलेल्या आहेत, चौथ्याने ती आत वळवून घेतली आहे आणि पुढचा पायही जरा जास्त उचलला आहे. हा चौथा हत्ती एकटा छापला असता तर तो वेगळा आहे हे कुणाला कळलं असतं? शेजारचे तिघे आहेत म्हणून तो डोळ्यांत भरतो.

नंदीच्या माळांचे जवळून घेतलेले फोटो माझ्याकडे आहेत. बाजूने येणाऱ्या उजेडात घेतलेले आहेत आणि एकेक घंटा सुटी दिसते. तुम्ही मागितलेच आहेत, तर या आठवड्यात त्याच लेखाखाली टाकतो.