तूर येईल हो, ठेवायची कुठं?

यंदा आमच्या भागात तूर डोक्याच्या वर गेलीय. पारावर एकच विषय, भाव काय निघणार. माल ठेवायचा कुठं, हे कुणीच विचारत नाही.

2017 आठवतंय ना? तूर बेसुमार पिकली होती. बोनस धरून हमीभाव 5050 रुपये, आणि खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा. कुठं बारदान (माल भरायची रिकामी पोती) संपलं, कुठं गोदामात जागा उरली नाही आणि 22 एप्रिलला खरेदीच थांबली. रांगेत उभ्या ट्रॉलीचं भाडं रोज चढतंच. बऱ्याच जणांनी कंटाळून व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात माल टाकला. 2024 ला सोयाबीनची तीच गत. बारदान वेळेवर नाही, ओलावा 12 टक्क्यांच्या वर म्हणून पोती परत. नोव्हेंबरात मर्यादा 15 टक्के केली, तोवर ज्याला दिवाळी करायची होती त्यानं विकून टाकलं होतं.

दुष्काळी मुलखातल्या माणसाला साठवण शिकवायची गरज नाही खरं तर. मंगळवेढ्याकडं जुनी माणसं ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारात, ठेवायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. तोंड उघडं टाकून हवा खेळू द्यायची, मग दोरीनं कंदील सोडून बघायचा. विझला तर अजून थांबायचं. (पेवातल्या ज्वारीला वास येतो, बाजारात ती कमी भावानं जाते, हेही खरंच.) दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली म्हणतो आपण, पण ती आधी भरून ठेवलेली होती म्हणून उघडता आली.

तुरीचं मात्र तसं नाही. घरात थप्पी मारली की उन्हाळ्यात भुंगेरे पडतात, दाण्याला भोकं. तिला कोरडं, धुरी दिलेलं गोदामच लागतं. आणि त्या गोदामाची, जिच्यावर कर्ज मिळेल अशी पावती लागते, कारण पेरणीचं, लग्नाचं देणं थांबत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. गावात विचारून बघा किती जणांना माहितीय.

केंद्रानं 2023 ला गावोगावच्या सहकारी सोसायट्यांच्या माध्यमातून 700 लाख टन साठवणुकीची योजना मंजूर केली. चांगलं आहे. पण नुसत्या भिंती उभारून काय करायचं? बऱ्याच सोसायट्यांच्या गोदामात आज खताची पोती असतात. तिथं वाळवायला ओटा नाही, ओलावा मोजायचं यंत्र नाही. माझ्या मते तालुक्याला एक टोलेजंग गोदाम बांधण्यापेक्षा चार-पाच गावांत मिळून एक लहान, पावती देणारं गोदाम बरं. निम्मी रांग तिथंच मोडेल.

तूर जानेवारीत सुरू होईल. बारदान डिसेंबरातच केंद्रावर पोचायला हवं, आणि ते आलं का हे सोसायटीच्या चेअरमनला आत्ताच विचारा. ट्रॉली रांगेत लागल्यावर तो फोन उचलत नाही.