‘कोमट, गॅस गेलेली’ बिअर : आधी पबच्या तळघरात उतरा

लंडनला निघालेल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सल्ल्यांचा एक मजकूर फिरतोय. त्यातला इंग्लिश पबबद्दलचा भाग थोडक्यात असा : ‘जुन्या पबच्या नादी लागू नका. तिथे कोमट आणि गॅस गेलेली बिअर देतात. पूर्वी फ्रिज नव्हते, तीच सवय आता परंपरा म्हणून मिरवतात. सर्वांत जुना पब वगैरे पाट्या म्हणजे थापा. बायकामुलांना नेण्यासारखी जागा नाही. शाकाहाऱ्यांना खायला काही नसतं, बिअर तेवढी शुद्ध शाकाहारी.’

यातली जुनेपणाची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं कुणीतरी ऐकीव लिहिलंय.

आधी ‘कोमट’. रिअल एल, म्हणजे पिंपातली जिवंत बिअर, 11 ते 13 अंश सेल्सिअसला देतात. महाबळेश्वरला डिसेंबरातल्या पहाटे साधारण एवढंच तापमान असतं, आणि त्या हवेला कोमट म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. आपली जीभ बाटलीतल्या लागरला, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या फिक्या बिअरला, सरावलेली, जी तीन-चार अंशांवर येते. तिच्यापुढे 12 अंश गरम वाटणारच. पण तीन-चार अंशांच्या गारठ्यात चव बधिर होते. लागर मुळात गार पिण्यासाठीच बनवलेली असते, तिचं काही बिघडत नाही. भाजक्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडसरपणा आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडवटपणा मात्र थोड्या ऊबेतच कळतो.

‘गॅस गेलेली’ हा आरोप जास्त गमतीचा आहे, कारण गॅस या बिअरमध्ये बाहेरून कधी भरलेलाच नसतो. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा बिअर गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते आणि आतलं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात पिंप आडवं ठेवतात आणि आंबण्याचा शेवटचा टप्पा तिथे पार पडतो. वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू हळूहळू निघून जातो. तो पुरेसा निघाला की कठीण लाकडाची खुंटी बसवून उरलेला आत अडवतात. हे कधी करायचं ते पिंपागणिक बदलतं, त्यामुळे चांगला तळघरवाला रोज खाली उतरून पाहतो, ऐकतो, चाखतो. गाळ तळाशी बसला की बिअर वर ओढायची, तीही हातपंपाने. काउंटरवरचे ते उंच दांडे शोभेचे नसतात. जोसेफ ब्रामाने असल्या पंपाचं पेटंट 1797 मध्ये घेतलं होतं.

एवढ्या खटाटोपानंतर ग्लासात उतरते ती हलकी, बारीक बुडबुड्यांची बिअर. लागरमध्ये विरलेला वायू हिच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून ही जिभेला टोचत नाही आणि पोट फुगवत नाही. उत्तर इंग्लंडात पंपाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावून जाड फेस काढतात, दक्षिणेत फेस जेमतेम असतो, आणि बरोबर कोण यावर दोन्हीकडचे लोक रात्रभर भांडू शकतात.

आता मजकूर लिहिणाऱ्याला खरोखरच मिळमिळीत, आंबूस पिंट मिळाली असेल, हे मी नाकारत नाही. अशी पिंट मिळते. बिअर उपसली जाते तशी पिंपात हवा शिरते आणि तीन-चार दिवसांत चव उतरते. नऊ गॅलनच्या छोट्या पिंपातसुद्धा 72 पिंट असतात. गिऱ्हाईक चार आणि हातपंप आठ असतील, तर काहीतरी शिळं असणारच. दोष तिथे पब चालवणाऱ्याचा. एका हॉटेलातला शिळा भात खाऊन कुणी भातच वाईट ठरवत नाही.

फ्रिज नव्हता म्हणून ही सवय पडली, हा तर्क ऐकायला बरा वाटतो. पण त्याच बारवर शेजारच्या नळातून चार अंशांची लागर वाहत असते. तळघरातही थंडाईचं यंत्र असतं, आणि ते लावलेलं असतं 12 अंशांच्या आसपास. पाहिजे तर त्यांना आणखी गार करता येतंच.

शिवाय ही ‘परंपरा’ एकदा जवळपास संपली होती. 1960 च्या दशकात मोठ्या ब्रुअरींनी पिंप मागे टाकून केग, म्हणजे धातूचा बंद डबा, पुढे आणला. गाळलेली, पाश्चराइज केलेली, वायूच्या दाबाने ढकललेली, गार बिअर. टिकायला सोपी, तळघरात कौशल्य नको. वॉटनीज रेड बॅरल हे त्यातलं सर्वांत गाजलेलं आणि पुढे सर्वांत शिव्या खाल्लेलं नाव. 1971 मध्ये आयर्लंडला सुट्टीवर गेलेल्या चार इंग्लिश तरुणांनी याविरुद्ध संघटना काढली. तीच आजची ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे कॅम्रा. पिणाऱ्यांनी मोठ्या कंपन्यांशी भांडून जुनी बिअर परत मिळवली. फ्रिज असताना, केग असताना, मागून घेतलेली गोष्ट आहे ही.

जुनेपणाच्या पाट्यांबद्दल मात्र मजकुराशी बऱ्यापैकी सहमत. नॉटिंगहॅमच्या ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’च्या भिंतीवर 1189 रंगवलंय. किल्ल्याखालच्या खडकात कोरलेल्या त्याच्या खोल्या बघण्यासारख्या आहेत, पण इमारत सतराव्या शतकातली. सेंट ऑल्बन्सच्या ‘ये ओल्ड फायटिंग कॉक्स’कडे सर्वांत जुन्या पबचा गिनेस विक्रम होता. असं काही पडताळता येत नाही म्हणून गिनेसने तो प्रकारच बंद केला. पण म्हणून सगळंच थाप ठरत नाही. लंडनमधली ‘द जॉर्ज इन’ 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, लाकडी सज्जे असलेली सराय आहे आणि आज नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे. फ्लीट स्ट्रीटवरचा ‘ये ओल्ड चेशर चीझ’ त्याआधीच्या, 1666 च्या मोठ्या आगीनंतर, 1667 मध्ये, उभा राहिला. मला विचाराल तर सालाच्या मागे लागूच नये. कोरीव काचा, लाकडी आडोसे, चार माणसं मावतील अशी शेकोटीजवळची खोली, हे बहुतेक व्हिक्टोरियन काळातलं आहे. हजार वर्षांच्या दाव्यापेक्षा ते पाहण्यात जास्त मजा.

बायकामुलांचा मुद्दा फार वेळ घ्यायच्या लायकीचा नाही. अपील कोर्टाने 1982 मध्ये फ्लीट स्ट्रीटवरच्या एका वाइन बारला, बायकांना काउंटरवर न वाढणं बेकायदा आहे, असं बजावलं. मुलांना मोठ्यांबरोबर बहुतेक पबमध्ये येऊ देतात. वेळेचे नियम पबगणिक वेगळे असतात, दारात विचारावं. खरोखर कुणाला दाराबाहेर ठेवलं जाई, हे सांगायचं तर बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकचं नाव घ्यावं लागेल. 1960 च्या दशकात तिथल्या काही पबमध्ये भारतीय कामगारांना ठरावीक खोल्यांत बसू देत नसत. 1965 च्या वंशभेदविरोधी कायद्यात म्हणूनच पबसारख्या जागाही आल्या. आज त्याच भागात पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ आहेत आणि पिंटबरोबर तंदूरमधलं मिक्स्ड ग्रिल येतं. फिरत्या मजकुरात याचा उल्लेख नाही.

आणि मजकुरातलं सर्वांत चुकीचं वाक्य नेमकं शेवटचं, ‘बिअर तेवढी शुद्ध शाकाहारी’. पिंपातला गाळ लवकर बसावा म्हणून परंपरेने आयझिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. घोळ माशाची जी पिशवी पालघरच्या किनाऱ्यावर सोन्याच्या भावाने जाते, तोच अवयव. ते गाळाबरोबर खाली बसतं, पण कट्टर शाकाहाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. अलीकडे ते न घालता केलेल्या, किंचित धुरकट एल बऱ्याच ठिकाणी मिळतात, विचारलं की सांगतात. उलट खायला काही नसतं, ही भीती जुनी झाली. भाजलेला बटाटा, चीज-लोणच्याची थाळी, भाज्या भरून भाजलेली ‘पाय’ नावाची पेस्ट्री मिळतेच. फक्त चिप्स कशात तळल्यात ते विचारून घ्या, उत्तरेत काही ठिकाणी बीफची चरबी वापरतात.

जाणार असाल तर टेबलावर बसून वाट पाहू नका, बारवर जाऊन मागायचं असतं. जास्त खपणारी एल कोणती ते विचारा, तीच ताजी असण्याची शक्यता अधिक. घोटभर चाखायला मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात. नेहमीची बिटर, म्हणजे पबमधली साधी कडवट एल, साडेतीन ते साडेचार टक्क्यांची असते, आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’च्या निम्मी, पण पिंट 568 मिलिलिटरची असते, म्हणून सुरुवात अर्ध्या पिंटने करा. व्हिनेगरसारखा वास आला तर ग्लास बारवर परत न्या, चांगला पब न कुरकुरता बदलून देतो. दोन घोटांतच न्या मात्र, तीन चतुर्थांश संपवून नव्हे.